तीच काच, तेच डोळे

तळपायावर तीळ असला की प्रवासाचा योग, असं आपल्याकडे म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ मात्र तिथे डर्मोस्कोप हे भिंग लावून वाकून बघतो, कारण सावळ्या माणसांत मेलॅनोमा हा कर्करोग बरेचदा तळव्यावर किंवा नखाखाली उगवतो. तळव्याच्या बारीक रेषांमधल्या चरांत रंग साचला असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर साचला असेल तर संशय.

मग बायोप्सी. शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचा.

तो शब्द किती पक्का? २०१७ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात १० राज्यांतल्या १८७ पॅथॉलॉजिस्टना २४० बायोप्सींच्या काचा वाटून दिल्या होत्या. त्यांतल्या काहींना किमान आठ महिन्यांनी त्याच काचा पुन्हा दिल्या. निरुपद्रवी तिळांबाबत ७७ टक्के वेळा आणि खोलवर शिरलेल्या मेलॅनोमाबाबत ८३ टक्के वेळा पहिलंच उत्तर आलं. पण मध्यम विकृत तिळांबाबत? फक्त ३५ टक्के! दुसऱ्या डॉक्टरशी सोडाच, इथे स्वतःचं स्वतःशीच जुळेना.

याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. साध्या पेशीपासून कर्करोगापर्यंत बदल हळूहळू वाढत जातो. मधली रेघ निसर्गाने आखलेली नाही, ती माणसाने आखायची. त्यात एकाच अवस्थेला डझनभर नावं. म्हणून या अभ्यासात नावांऐवजी पुढच्या उपचारांनुसार पाच वर्ग केले होते. २०२३ मध्ये सुधारणा करताना त्यांचे चारच ठेवले.