विश्लेषण : पॅडेलची रॅकेट निवडायची कशी? गोल, थेंब की हिरा? नव्या ब्रँडवर विश्वास ठेवावा का?

मुंबई-पुण्यात फुटबॉलच्या टर्फशेजारी काचेच्या भिंतींचे निळे पॅडेल कोर्ट दिसू लागले, त्याला आता काही वर्षे झाली. सुरुवातीला क्लबची भाड्याची रॅकेट पुरते. महिना-दोन महिन्यांत स्वतःची घ्यावीशी वाटते आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. डायमंड, टियरड्रॉप, १२के, १८के, हार्ड, सॉफ्ट अशा शब्दांचा मारा होतो. जगातील अव्वल खेळाडूंच्या नावाची रॅकेट युरोपात ३०० युरोंच्या आसपास किंवा त्याहून महाग असते. म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे. चुकीची निवड खिशाला महाग पडतेच, पण अनेकदा कोपरालाही पडते.

ही रॅकेट इतकी वेगळी का?

मेक्सिकोतील अकापुल्को येथे १९६९ मध्ये एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात भिंतींनी वेढलेले छोटे कोर्ट बांधले आणि हा खेळ जन्माला आला. १९७४ मध्ये अल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी तो स्पेनमधील मार्बेयात नेला. पुढे स्पेन आणि अर्जेंटिना हीच या खेळाची दोन घरे झाली. कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. सामने दुहेरीचे, गुण टेनिससारखे आणि सर्व्हिस कमरेखालून. चेंडू काचेवर आपटून परत आला तरी खेळता येतो.

रॅकेटला तारा नसतात. मध्ये फोमचा गाभा, दोन्ही बाजूंना फायबर ग्लास किंवा कार्बनचा पत्रा आणि त्यात आरपार छिद्रे. नियमानुसार लांबी ४५.५ सेंटीमीटर, रुंदी २६ सेंटीमीटर आणि जाडी ३८ मिलिमीटर यापेक्षा जास्त चालत नाही. मधल्या भागातील छिद्रे ९ ते १३ मिलिमीटर व्यासाची असावी लागतात. मनगटाला बांधायची दोरी ऐच्छिक नाही, सक्तीची आहे. काचेच्या पेटीत चार माणसे असताना हातातून सुटलेली रॅकेट काय करेल, याचा विचार केला की कारण कळते. जाता जाता, पिकलबॉलशी होणारी गल्लत दूर करण्याची एक सोपी खूण : पिकलबॉलमध्ये छिद्रे चेंडूला असतात, पॅडेलमध्ये रॅकेटला.

आकाराने नेमके काय बदलते?

बहुतेक रॅकेटची लांबी नियमाने दिलेल्या मर्यादेइतकीच असते. त्यामुळे फरक पडतो तो वजन कुठे साठले आहे यामुळे. हातोडी दांड्याच्या टोकाशी धरून फिरवा आणि मग लोखंडी डोक्याजवळ धरून फिरवा. वजन तेच, पण पहिल्या वेळी घाव जोरात बसतो आणि दुसऱ्या वेळी हात चटकन वळतो. पॅडेलच्या तीन आकारांचे गणित हेच आहे.

गोल रॅकेटचा रुंद भाग मध्यावर असतो आणि वजन हाताकडे झुकलेले असते. चेंडू थोडा बाजूला लागला तरी फटका अगदीच वाया जात नाही. हिऱ्याच्या आकाराच्या, म्हणजे डायमंड रॅकेटचा रुंद भाग वर, टोकाकडे असतो. स्मॅशला तिचे वजन मदत करते. मात्र उत्तम फटक्याची जागा लहान आणि वर सरकलेली असते. थेंबाचा आकार, म्हणजे टियरड्रॉप, या दोहोंच्या मधला. मुठीच्या टोकापासून मोजलेला समतोलाचा बिंदू साधारण साडेपंचवीस सेंटीमीटरवर असेल तर रॅकेट हाताला हलकी लागते, साडेसव्वीसच्या पुढे गेला की डोक्याकडे जड. हा एक सेंटीमीटर दुकानात जाणवत नाही. दीड तास खेळल्यावर, तिसऱ्या सेटमध्ये नेटजवळ हात उचलताना तो पुरेपूर जाणवतो.

कोर्टावरील जागेचाही प्रश्न आहे. उजव्या हाताचे दोन खेळाडू असतील तर डाव्या बाजूला उभा असलेला खेळाडू बहुधा आक्रमक असतो, कारण मध्यावर उंच येणारे चेंडू त्याच्या फोरहँडच्या बाजूने येतात. उजव्या बाजूचा खेळाडू रॅली बांधतो, लॉब टाकतो, वाट पाहतो. म्हणून डावीकडे डायमंड किंवा टियरड्रॉप आणि उजवीकडे गोल किंवा टियरड्रॉप, असा ढोबळ संकेत आहे. डावखुरा जोडीदार असेल तर तो उलटतो.

जोरदार रॅकेट म्हणजे जोरदार फटका?

इथेच सर्वात जास्त पैसे वाया जातात. पॅडेलमध्ये केवळ ताकदीने गुण मिळत नाही. जोरात मारलेला चेंडू मागच्या काचेवर आपटून प्रतिस्पर्ध्याच्या हातात आयता जातो. स्मॅशने थेट गुण मिळवायचा तर चेंडू टप्पा घेऊन बाजूच्या तीन मीटर उंच भिंतीवरून किंवा मागच्या चार मीटरवरून बाहेर जायला हवा. हौशी खेळाडूला ते क्वचित जमते. त्याच्या सामन्यात खरी कामे दोनच : भिंतीवरून आलेला चेंडू परतवणे आणि डोक्यावरचा चेंडू न घाबरता खोल ठेवणे. या दुसऱ्या फटक्याला स्पॅनिशमध्ये ‘बांदेहा’ म्हणतात, म्हणजे तबक. हातात तबक धरल्यासारखी रॅकेट फिरवायची. त्याचा तिरका, फिरकीचा भाऊ म्हणजे ‘व्हिबोरा’, विषारी साप. या दोन्हींसाठी लागतो तो ताबा.

गाभ्याबाबतही उलटी समजूत आहे. रॅकेटचा गाभा बहुतांशी ईव्हीए या रबरासारख्या फोमचा असतो. मऊ गाभा सावकाश फटक्यालाही चेंडू उसळवून देतो. कडक गाभा मात्र हात वेगाने फिरला तरच परतफेड करतो. हळू हातात तो लाकडी फळीसारखा वागतो आणि त्याची कंपने थेट कोपरात जातात. म्हणजे ज्याच्याकडे आधीच ताकद आहे त्यालाच ‘पॉवर’ रॅकेट ताकद देते. जाहिरातीत हे वाक्य सापडणार नाही.

‘के’चे कोडे काय?

३के, १२के, १८के हे आकडे सोन्याच्या कॅरेटसारखे वाचले जातात आणि विक्रेत्यांची त्याला हरकत नसते. प्रत्यक्षात ‘के’ म्हणजे कार्बनच्या एका पट्टीत किती हजार तंतू आहेत याची मोजणी. ३के म्हणजे तीन हजार, १८के म्हणजे अठरा हजार. विणीची चौकट मोठी दिसते, इतके नक्की. पण रॅकेट कडक की मऊ हे थर किती, राळ कोणती, गाभा किती घट्ट यावर ठरते. १८के म्हणजे ३केच्या सहापट चांगली, असे अजिबात नाही. पृष्ठभागाच्या खरखरीतपणाची चौकशी करणे अधिक उपयोगाचे. रंगात वाळूसारखे कण मिसळून केलेला खरखरीतपणा काही महिन्यांत झिजतो. साच्यातच उठवलेली नक्षी जास्त टिकते.

गाजलेल्या रॅकेट कोणत्या?

अर्जेंटिनाचा आगुस्तिन तापिया आणि स्पेनचा डावखुरा आर्तुरो कोएयो ही जोडी २०२३ मध्ये सलग ४७ सामने जिंकली. तापियाच्या हातातील नॉक्स एटी१० जिनियस १८के सध्याच्या काळातील बहुधा सर्वाधिक चर्चेची रॅकेट. मजा अशी की पॅडेलमधील हा सर्वात कल्पक आक्रमक खेळाडू ज्या रॅकेटमुळे ओळखला जातो, ती डायमंड नाही, टियरड्रॉप आहे. त्याच नावाची ‘अटॅक’ ही डायमंड आवृत्ती कंपनीने वेगळी काढली आहे. नॉक्सचीच दुसरी जुनी ओळख म्हणजे मिगेल लांपेर्तीच्या नावाची एमएल१० प्रो कप. गोल, शांत स्वभावाची. दिसायला साधी असली तरी वर्षानुवर्षे खपणारी ही रॅकेट नव्या खेळाडूने आधी हातात घेऊन पाहावी.

शुद्ध आक्रमकांसाठी आदिदासची मेटलबोन आहे, आलेहांद्रो गालानमुळे गाजलेली. तिला छोटी वजने लावून किंवा काढून समतोल बदलता येतो. तिचा एचआरडी हा प्रकार आणखी कडक आणि सीटीआरएल त्या मानाने सौम्य. गालानचा जोडीदार फेडेरिको चिंगोत्तो उंचीने बेताचा, उजव्या बाजूला खेळणारा आणि चेंडू सोडून न देणारा. त्याच्या नावाशी जोडली गेलेली बुलपॅडेलची न्यूरॉन ताब्याकडे झुकते, तर त्याच कंपनीची व्हर्टेक्स ही डायमंड आक्रमकांची. एकाच जोडीतील दोघे इतक्या भिन्न रॅकेट वापरतात, यातच आकाराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

फ्रान्सच्या बाबोला कंपनीची मांडणी नवख्याला समजायला सर्वात सोपी वाटते : टेक्निकल व्हायपर ताकदीसाठी, एअर व्हायपर चपळाईसाठी, काउंटर व्हायपर ताब्यासाठी. ल्योंमध्ये १८७५ पासून असलेली आणि टेनिसच्या तारांमुळे नावारूपाला आलेली ही कंपनी तारा नसलेल्या खेळात उतरली आणि हुआन लेब्रॉनच्या हातातील टेक्निकल व्हायपरने तिला स्थान मिळवून दिले. विल्सनकडे ‘बेला’ मालिका आहे; सलग १६ वर्षे अव्वल राहून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या फर्नांडो बेलास्तेगिनच्या नावाची.

नवे ब्रँड इतके कुठून येतात?

टेनिस रॅकेटच्या बाजारात नव्या कंपनीला शिरणे अवघड असते. पॅडेलमध्ये तसे नाही. जगातील बहुतांश पॅडेल रॅकेट चीनमधील कारखान्यांत तयार होतात आणि तयार साचा, तयार गाभा निवडून वर आपले नाव व रंग छापून घेणे शक्य असते. त्यामुळे इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या दोन वेगळ्या ब्रँडच्या रॅकेट प्रत्यक्षात सख्ख्या बहिणी असू शकतात. हे वाईटच असते असे नाही. चांगल्या कारखान्याची रॅकेट कमी किमतीत मिळते. पण ‘स्वतःचे संशोधन’ या दाव्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

खरोखर वेगळे काही करणारेही आहेत. स्पेनच्या स्टारव्हीने आपल्या देशातील उत्पादन हीच ओळख बनवली. पोर्तुगाल हा बुचाच्या लाकडाचा देश. तिथल्या कॉर्क पॅडेलने गाभ्यात बूचच वापरले, हेतू कंपने कमी करण्याचा. फिनलंडची ऑक्सडॉग मुळात फ्लोअरबॉलच्या काठ्या बनवणारी. २००९च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेत राफाएल नदालला हरवणारा स्वीडनचा रॉबिन सॉडरलिंग आपल्या आद्याक्षरांच्या ‘आरएस’ ब्रँडसह पॅडेलमध्ये आला. स्यूक्सने सान्यो गुतिएरेस, फ्रांको स्तुपाचुक अशा मोठ्या खेळाडूंना जोडून घेत जुन्या कंपन्यांच्या रांगेत जागा मिळवली. स्वस्त आणि भरवशाचा पर्याय म्हणून डेकॅथलॉनच्या कुइकमाचे नाव घ्यावे लागेल. पहिल्या वर्षासाठी तिच्या सुरुवातीच्या श्रेणीतील गोल रॅकेट पुरेशी आहे, यात आम्हाला तरी शंका नाही.

स्वीडनचे उदाहरण मात्र लक्षात ठेवण्याजोगे. करोनाकाळात तिथे पॅडेलचे पेव फुटले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त कोर्ट बांधली गेली आणि २०२२ नंतर एकामागून एक केंद्रे दिवाळखोरीत गेली. अशा लाटेत ब्रँडही येतात आणि जातात. रॅकेटची कड तडकली तर वॉरंटीसाठी दार ठोठावायला कुणी तरी जागेवर असायला हवे. भारतात रॅकेट मागवताना हा प्रश्न किमतीआधी विचारावा : इथे वितरक आहे का, तडा गेल्यास बदलून कोण देणार?

आपल्याकडे वेगळा विचार का हवा?

महाराष्ट्रात पॅडेलला येणारा खेळाडू अनेकदा बॅडमिंटनमधून आलेला असतो. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची, पॅडेलची ३४० ते ३९० ग्रॅमची; म्हणजे चौपट. मनगटाच्या झटक्याने स्मॅश मारण्याची वर्षानुवर्षांची सवय या वजनासह तशीच वापरली की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते. टेनिस एल्बो म्हणतात ते हेच. अशा खेळाडूने ३६० ग्रॅमच्या आतली, गोल, मऊ गाभ्याची आणि फायबर ग्लासची रॅकेट घ्यावी. टेनिसवाल्यांना वजनाची सवय असते. त्यांना टियरड्रॉप लवकर जमते. ‘महिलांसाठी’ असे लिहिलेल्या रॅकेट बहुधा थोड्या हलक्या असतात, इतकाच फरक. हलकी हवी असेल तर पुरुषांनीही ती घ्यायला हरकत नाही.

दुसरा मुद्दा हवेचा. उष्णतेने फोम मऊ पडतो, थंडीत कडक होतो. माद्रिदच्या हिवाळ्यात फळीसारखी वाटणारी रॅकेट मुंबईच्या मे महिन्यात बरीच सैल वागते. त्यामुळे युरोपीय खेळाडूंची परीक्षणे पाहून ‘सॉफ्ट’ की ‘मीडियम’ हे ठरवू नये. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवणे तर सर्वात वाईट. गाभा कायमचा बिघडू शकतो. आणि टेनिससारखी नवी तार ओवून तिला पुन्हा तरुण करता येत नाही. गाभा थकला की रॅकेट संपली. आठवड्यातून तीन-चारदा खेळणाऱ्याने ती वर्ष-दीड वर्षात बदलावी लागेल असे गृहीत धरूनच किंमत मोजावी.

घामामुळे मुठीवर एक-दोन ओव्हरग्रिप चढतात, टोकाला भिंतीच्या घासण्यापासून वाचवणारी पट्टी लागते. या सगळ्याचे दहा-पंधरा ग्रॅम होतात. मुठीवरचे वजन रॅकेट हलकी भासवते, टोकावरची पट्टी जड. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्येही दहा ग्रॅमचा फरक सर्रास असतो. म्हणून तर डब्यावर ‘३६० ते ३७५’ असे लिहिलेले असते. दुकानदाराला काट्यावर ठेवून दाखवायला सांगावे. ऑनलाइन घेतली तर घरी आल्यावर स्वयंपाकघरातील काटा आहेच. अनेक क्लब नमुन्याच्या रॅकेट तासाभरासाठी देतात. ती संधी घेताना पहिली दहा मिनिटे सोडून द्यावीत, कारण नवी रॅकेट तेव्हा नेहमीच छान वाटते. शेवटच्या पंधरा मिनिटांत, दमलेल्या हाताने मागच्या काचेवरून आलेले चेंडू किती परतले, ते मोजावे.