मुक्कामाच्या विजेचा जमाखर्च

मोटारीमागे जोडून नेता येईल असे, निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरचे छोटेखानी घर घेऊन भंडारदऱ्याच्या काठी किंवा मालवणच्या किनाऱ्यालगत चार दिवस मुक्काम करावा, ही हौस आपल्याकडे आता मूळ धरू लागली आहे. राज्य शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारून तिची दखल घेतली. परंतु सूर्य मावळल्यावर विजेचे काय करावे, हा प्रश्न उरतोच. आणि ज्या शांततेसाठी घर सोडले तिथे जनरेटरचा धूर व धडधडाट बरोबर नेणे मला तरी असह्य वाटते.

सौर विजेची तजवीज करू पाहणारे बहुतेक लोक दुकानात जाऊन पॅनेलची किंमत विचारतात. वास्तविक आधी कागदावर खर्चाची बाजू लिहावी. पाच वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास जळले तर ६० वॅट-तास, बॅटरीवर थेट चालणारा २० वॅटचा पंखा रात्रभर, म्हणजे आठ तास, फिरला तर १६०, आणि मोबाइल वगैरेंसाठी ५०, एकूण २७०. आता जमेची बाजू. ऊन दहा तास दिसले, तरी माध्यान्हीच्या प्रखरतेच्या मापाने आपल्याकडे कोरड्या ऋतूत ते साधारण पाच तासांचेच भरते. म्हणून १०० वॅटच्या पॅनेलकडून ५०० वॅट-तासांची अपेक्षा करावी, आणि उष्णता, धूळ व छपरावरची आडवी मांडणी यांची वजावट करून ३५० गृहीत धरावे. लहान फ्रिज हवा असेल तर दुसरे पॅनेल अपरिहार्य होय. इंडक्शन शेगडी मात्र घरीच ठेवावी, कारण तिचे १५०० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे म्हणजे सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढणे आले.

रात्रीची शिल्लक राखते ती बॅटरी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॅट-तास मावतात. पण ती शिसे-आम्लाची असेल तर निम्म्याहून अधिक खर्च करू नये, अन्यथा तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन वायू सोडते, तेव्हा तिच्या कप्प्याला बाहेरच्या हवेची वाट हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग खरी, परंतु वजनाने निम्म्याहून हलकी असते आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते.

पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पंचवीस अंशांपुढे प्रत्येक अंशामागे सिलिकॉनचे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. आणि वैशाखात पॅनेल साठ अंशांवर सहज जात असल्याने, ते छपराला चिकटवून न टाकता खाली दोन-तीन इंच हवा खेळती ठेवावी. सावलीचा प्रश्न याहून बिकट आहे. पॅनेलमधील घट एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे कोपऱ्यावर पडलेली एखाद्या फांदीची सावली अर्धे उत्पन्न बुडवू शकते. आणि माणसाला तर दुपारी आंब्याखालीच गाडी लावावीशी वाटते! यावर माझ्या मते उत्तम उपाय म्हणजे एक सुटे पॅनेल लांब वायरीने जोडून उन्हात मांडावे आणि आपण सावलीत बसावे.

पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये, बॅटरीत जाणारा प्रवाह आवरणारा चार्ज कंट्रोलर लागतोच. एका पॅनेलला त्याचा पीडब्ल्यूएम हा साधा प्रकार पुरतो. अधिक असतील तर एमपीपीटी या महागड्या प्रकाराचा जादा खर्च वसूल होतो.

वायरीच्या बाबतीत काटकसर करणाऱ्यांना मी कळकळीने विनवीन. पाच मीटर अंतरावर दहा अँपिअर प्रवाह नेताना अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाऊण व्होल्ट गिळते, तर सहाची त्याच्या निम्म्याहून कमी; आणि बारांतून पाऊण जाणे ही क्षुल्लक तूट नव्हे. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाशी, अगदी लगतच बसवावा. शॉर्ट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर ओकते, आणि प्लायवुडच्या त्या घरात मुले निजलेली असतात. जोडणी करताना कंट्रोलरला प्रथम बॅटरी लावावी, मग पॅनेल. सोडवताना क्रम उलट.

आषाढ-श्रावणातील कोकणात हा सर्व सरंजाम अपुरा पडतो. त्या दिवसांसाठी धावत्या मोटारीच्या अल्टरनेटरवरून ट्रेलरची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर बसवून घ्यावा.