होडी उसनी द्यावी की भाड्याने?

कर्जत हा अवर्षणप्रवण तालुका. तथापि त्याच्या दक्षिण सीमेवर भीमा आहे आणि उजनी धरणाचा फुगवटाही. पूल होण्यापूर्वी शिरापूरकडून सिद्धटेकच्या गणपतीस येणारे भाविक होडीनेच नदी ओलांडीत. आजही काठावर कुणाची स्वतःची होडी असते आणि शेजारी ती मागतो. भाडे घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर शेजारधर्माचा. वस्तुतः तो जोखीम कोणी वाहावी याचा आहे.

१८७२ च्या करार अधिनियमाचे कलम १५० येथे उद्बोधक आहे. वस्तू फुकट दिल्यास मालकाने स्वतःस ठाऊक असलेले दोष सांगितले की पुरे. भाड्याने दिल्यास मात्र ठाऊक नसलेल्या दोषामुळे झालेल्या हानीसही तोच जबाबदार. अर्थात भाडे हे केवळ झिजेचे मोल नव्हे. होडी निर्दोष असल्याच्या हमीचेही मोल आहे. उसनवारीने जोखीम नाहीशी होत नाही. ती घेणाऱ्याच्या माथी जाते.

परंतु कायद्याची ही हमी होडीपुरती. वाऱ्याची हमी कोण देणार? २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली आणि ६ जणांचा अंत झाला.

तेव्हा भाडे अवश्य घ्यावे. मात्र डागडुजी, विमा व जीवरक्षक जाकिटे यांचा खर्च त्यात धरावा. तो परवडत नसेल, तर होडी काठालाच बांधलेली बरी. शेजारधर्म पाळायचाच, तर होडीबरोबर जाणता नावाडीही द्यावा. आणि वारा सुटला असता नकार देण्यात संकोच नसावा.