‘वेस्टरली सेंटॉर’ : दोन कण्यांच्या नौकेची रचना व गती

ब्रिटनच्या किनाऱ्यालगत फिरणाऱ्या छोट्या शिडाच्या नौकेचा आराखडा आखताना वाऱ्याइतकाच भरती-ओहोटीचाही विचार करावा लागतो. ब्रिस्टल चॅनलच्या आतील टोकास मोठ्या भरतीच्या दिवसांत पाण्याची पातळी चाळीस फुटांहून अधिक चढते व उतरते. एसेक्सच्या खाड्यांतून ओहोटीच्या वेळी कित्येक तास नुसता चिखल उरतो. एकच खोल कणा असलेली नौका अशा ठिकाणी टेकली की कुशीवर आडवी होते. तळाशी दोन्ही अंगांस एकेक कणा असलेली नौका मात्र सरळ उभी राहते, आणि तिच्या मालकास स्वस्त, उथळ जागी ती ठेवता येते.

ही कल्पना नवी नव्हे. लॉर्ड रिव्हरडेल यांनी १९२० च्या दशकातच ‘ब्लूबर्ड’ या नौकेला दोन कणे बसविले होते. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकवरील युद्धनौकांचे नेतृत्व केलेल्या डेनिस रेनर यांनी १९६३ मध्ये ‘वेस्टरली’ कंपनी स्थापून काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या अशा नौका मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आणल्या. रेनर १९६७ मध्ये वारले. त्यानंतर, १९६९ मध्ये, लॉरेंट जाइल्स यांच्या संस्थेने आखलेली ‘सेंटॉर’ अवतरली. १९८० पर्यंत तिच्या सुमारे २,४०० नौका बांधल्या गेल्या.

तिची लांबी २६ फूट, जलरेषेवरील लांबी २१ फूट ४ इंच, रुंदी ८ फूट ५ इंच, पाण्याखालील खोली केवळ ३ फूट. एकूण वजन सुमारे ६,७०० पौंड. पैकी सुमारे २,८०० पौंड नीरम, म्हणजे स्थैर्यासाठी घातलेले वजन. हे प्रमाण शेकडा ४२ च्या जवळपास येते व ते उदार म्हटले पाहिजे.

खरे चातुर्य कण्यांच्या मांडणीत आहे. दोन्ही कणे खाली बाहेरच्या बाजूस झुकलेले असून त्यांच्या पुढील कडा किंचित आत वळविलेल्या आहेत. समजा, हा झुकाव पंधरा अंशांचा आहे. वाऱ्याने नौका पंधरा अंश कलली की वाऱ्याच्या विरुद्ध अंगाचा कणा पाण्यात तंतोतंत उभा होतो व अधिक खोल जातो. दुसरा तीस अंशांनी तिरपा होऊन वर येतो. म्हणजे नौका कलते तेव्हा काम करणारा कणा आपोआप सुस्थितीत येतो. एकाकी उभ्या कण्याच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडते.

पुढील कड आत वळविण्याचे कारणही याच्याशी निगडित आहे. आडव्या वाऱ्यात नौका पुढे जाताजाता बाजूसही घसरते, त्यामुळे पाणी कण्यावर किंचित तिरपे येते आणि त्यातूनच घसरणीस विरोध करणारे बल उपजते. कामाच्या कण्याच्या बाबतीत वळणाचा कोन या तिरपेपणात मिळविला जातो, दुसऱ्याच्या बाबतीत वजा होतो. सरळ चालीत दोन्ही बले परस्परांस छेद देतात. किंमत म्हणून थोडा जादा रोध मात्र पत्करावा लागतो.

तथापि या सर्व युक्त्या खोल एकेरी कण्याची पूर्ण बरोबरी करीत नाहीत. दोन कण्यांमुळे ओला पृष्ठभाग वाढतो. शिडांचे क्षेत्रफळ सुमारे २९४ चौरस फूट. वजनाशी त्याचे प्रचलित गुणोत्तर मांडले तर ते १३ च्या थोडे वर येते. मंद वाऱ्यात नौका सुस्तावते यात म्हणूनच नवल नाही. जलरेषेच्या फुटांतील लांबीचे वर्गमूळ घेऊन त्यास १.३४ ने गुणावे, या परिचित नियमाने तिची गतिमर्यादा ताशी ६.२ सागरी मैल निघते. शर्यतीचा छंद असणाऱ्यास ही नौका भावणार नाही. दोन लहान मुले व आठवड्याचा शिधा घेऊन निघणाऱ्यास आतील प्रशस्त जागा आणि नाळेजवळ लाटांचे तुषार खाली दाबणारी कंगोऱ्याची घडण यांचे मोल अधिक वाटेल.

रचनेचा नाजूक सांधा कण्याच्या मुळाशी आहे. ओहोटीत नौकेचा भार दोन कण्यांवर येतो, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३,३५० पौंड. कण्याचे तळ मुळापासून एक फूट बाहेर आहे असे उदाहरणापुरते धरले, तर प्रत्येक मुळाशी ३,३५० फूट-पौंडांचे वाकविणारे आघूर्ण येते. जमीन घट्ट असल्यास घर्षण तळ आत रोखून धरते व आघूर्ण काहीसे घटते. निसरड्या चिखलात हा आधार दुबळा. भरती येताना लाटांबरोबर नौका उचलली जाऊन पुन्हा आदळते, ती घटका सर्वांत घातक. काचतंतूंचे पातळ कवच या आवर्तनांनी लवचिकपणे वाकत राहते, बोल्टभोवतीचा सांधा सैल होतो आणि पाणी झिरपू लागते. ‘सेंटॉर’च्या अनेक नौकांत पुढे हेच दिसून आले. त्यावर उपाय म्हणून आतून तळाला आडव्या फासळ्या काचतंतूंनी जोडतात आणि बोल्टांखाली मोठ्या धातूच्या पट्ट्या बसवितात, जेणेकरून भार एका कवचावर न राहता दोन्ही अंगांत वाटला जावा. जुनी ‘सेंटॉर’ विकत घेणारा जाणता मनुष्य आजही प्रथम जमिनीवरच्या फळ्या उचलून याच फासळ्या शोधतो.