छावणी कुणाची, खर्च कुणाचा?

अणुयुद्धावरच्या काल्पनिक कादंबऱ्या आणि चित्रपट आपण वाचतो, पाहतो. त्यांतले सेनापती नकाशा पसरून दोनच गोष्टी शोधतात. लष्करी तळ कुठे आहेत आणि तेल, युरेनियम, धान्य कुठे आहे? तळाशेजारी राहणारी माणसे त्या नकाशावर नसतात. हा हिशेब केवळ गोष्टीतला नाही. त्याचे एक जुने उदाहरण आपल्या बीड जिल्ह्यातच आहे.

नांदूरघाट केज तालुक्यात. शेजारचा तालुका अंबाजोगाईचा. निजामाच्या काळात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा. पगार मात्र निजामाने द्यायचा. पगार थकत गेला, निजामावर कंपनीचे कर्ज चढत गेले. अखेर १८५३ मध्ये, लॉर्ड डलहौसीच्या काळात, तह झाला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या ताब्यात गेले. फौज किती ठेवायची तेही तहात ठरले : किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या.

१८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस येईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची निकड भासली. वऱ्हाडची काळी जमीन तर कापसाचीच! १९०२ मध्ये इंग्रजांनी वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले. म्हणजे ज्या फौजेसाठी मुलूख घेतला ती वेगळी उरली नाही, मुलूख मात्र इंग्रजांकडेच राहिला. या साऱ्या व्यवहारात वऱ्हाडच्या किंवा बीडच्या रयतेला कुणी विचारले नाही.

अणुयुगात तरी हे बदलले का? हिंदी महासागरातले दिएगो गार्सिया बेट पाहा. १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि १९६६ मध्ये तळासाठी अमेरिकेला देऊ केली. त्या बदल्यात, पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या किमतीत ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. ही सूट गुप्त ठेवण्यात आली होती. नारळाच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या दीड-दोन हजार बेटवासीयांना १९६८ ते १९७३ या काळात मॉरिशस आणि सेशेल्सला हलवण्यात आले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, ब्रिटनने या बेटांवरचा ताबा सोडावा, असे मत दिले. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यात सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे ठरले, पण तळासाठी ९९ वर्षांची तरतूद ठेवली गेली.

मोमिनाबादची छावणी घोड्यांची होती, दिएगो गार्सियाची विमाने आणि जहाजांची आहे. व्यवहाराची रीत मात्र ओळखीची वाटते. म्हणून तळाची बातमी वाचताना तोफा आणि विमाने मोजून थांबू नये. जमीन कुणाची, पैसा कुणाचा आणि तिथून उठावे कुणाला लागले, हेही विचारावे. युद्ध झाले तर पहिला बाँब तळावर पडेल, असे कादंबरीत लिहिलेले असते. तळाशेजारच्या माणसांना किंमत मात्र युद्धाच्या कितीतरी आधीच मोजावी लागते.