मताचे मूल्य आणि मजुरीचा दिवस

राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढे मांडली होती. १९३५ च्या कायद्यात मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला मताधिकार संविधानाने प्रत्येक प्रौढास दिला. परंतु अधिकार बजावण्यासही खर्च येतो. रोजंदारीवरील माणसास तो एका दिवसाच्या मजुरीइतका पडतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-ब या कलमान्वये मतदानाच्या दिवशी आस्थापनेतील कामगारास, मग तो रोजंदारीवर का असेना, भरपगारी सुटी मिळते. मात्र हे कलम लोकसभा व विधानसभा निवडणुकांपुरते आहे. ग्रामसभेस ते लागू नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचेच पाहा. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. रस्ता कोणत्या वस्तीस, घरकुल कोणास, याची चर्चा त्यांच्यामागे होते. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे ते गावात राहतात, आणि साहजिकच सभेतही. परतलेल्या मजुराचा पंचायतीवरील विश्वास उणावला, तर त्यास उदासीनता म्हणणे न्याय्य नव्हे. राखीव जागेवर निवडून आलेली सदस्याही कोयता घेऊन गेली, तर तिची खुर्ची रिकामीच राहते.

लाभार्थी निवडीचे विषय मे महिन्याच्या ग्रामसभेत घेणे पंचायतींना अशक्य नाही. दवंडी मात्र वस्तीवर सायंकाळी, माणसे कामावरून परतल्यावर, पोहोचली पाहिजे.