संगणक अचानक बंद का पडतो?

अशी कल्पना करा. मे महिन्यातील दुपार आहे. पुण्याच्या विश्रांतवाडीत, एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत एक जुना संगणक चालू आहे. दहा वर्षांपूर्वी तो खास खेळ खेळण्यासाठी जोडून घेतला होता. थोरल्या भावाने वापरला, आता तो धाकट्याकडे आला आहे. खेळ रंगात येतो, पंख्याचा आवाज चढत जातो, आणि पडदा एकदम काळा होतो! कधी संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, तर कधी बटण दाबले तरी ढिम्म हलत नाही. घरच्यांचा निकाल ठरलेला असतो : “जुना झाला तो. भंगारात देऊन टाका.”

परंतु निकालापूर्वी पुरावा तपासायला नको का? याच संगणकात शाळेचे प्रकल्प आहेत, घरातील छायाचित्रे आहेत, आणि नवा घ्यायचा तर काही हजार रुपये मोजावे लागतील. दोष कदाचित एका ब्रशने दूर होण्यासारखा असेल. उलट, तो वीजपुरवठ्यात असेल, तर तसाच वापर चालू ठेवणे धोक्याचे ठरेल. यांपैकी काय खरे, हे ओळखण्यासाठी दहावीपर्यंतचे पदार्थविज्ञान बरेचसे पुरते. कसे ते पाहू.

नाण्याहून लहान चूल

संगणकाची बहुतेक आकडेमोड प्रोसेसर नावाच्या सिलिकॉनच्या चकतीवर होते. इंटेल कंपनीने २०१३ साली बाजारात आणलेल्या चार गाभ्यांच्या प्रोसेसरचे उदाहरण घ्या. असे प्रोसेसर आजही अनेक घरांत चालू आहेत. त्यातील चकतीचे क्षेत्रफळ १७७ चौरस मिलिमीटर, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याहूनही कमी. एवढ्या जागेत सुमारे १४० कोटी ट्रान्झिस्टर बसवलेले आहेत. पूर्ण भार पडला की ही चकती सुमारे ८४ वॅट शक्ती खाते, आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

८४ वॅट म्हणजे फार नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण क्षेत्रफळाने भागून पाहा. १ चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ४७ वॅट होतात. आता घरातील १००० वॅटची इस्त्री घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर १ चौरस सेंटिमीटरमागे फक्त ५ वॅट येतात. म्हणजे प्रोसेसर आकाराच्या मानाने इस्त्रीच्या नऊपट तापतो! खेळाच्या संगणकात ग्राफिक्स कार्डाची भर असते. २०१६ साली आलेले आणि आपल्याकडे खूप खपलेले एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०६० हे कार्ड एकटेच १२० वॅट घेते. ही सारी उष्णता एका पत्र्याच्या पेटीत, म्हणजे कॅबिनेटमध्ये, साठते.

उष्णतेचे हे संकट नवे नाही. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या. त्या सुमारे १५० किलोवॅट वीज घेत, आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी मोठे पंखे लावावे लागत. आपल्या पुण्यातही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. सी-डॅक या संस्थेने १९९१ साली येथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. पुढे पाषाणच्या ‘आयसर’ संस्थेत बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात तर प्रोसेसरपर्यंत द्रव खेळवून उष्णता वाहून नेतात.

उष्णतेची वाट

घरच्या संगणकात उष्णता बाहेर कशी जाते? चकतीवरून ती धातूच्या ठोकळ्यात जाते. या ठोकळ्याला हीट सिंक म्हणतात. त्याला पातळ पाती असतात, म्हणजे हवेला भिडणारे क्षेत्रफळ वाढते. पंखा पात्यांमधून हवा ढकलतो, ती हवा कॅबिनेटमध्ये येते आणि मागच्या पंख्याने खोलीत फेकली जाते.

ही एक साखळी आहे. तिच्यातील एक कडी डोळ्यांना दिसत नाही. प्रोसेसरचे आवरण आणि ठोकळा हे दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत वाटले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. मधल्या खळग्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे १५ हजार पट असते. म्हणून ही हवेची फट म्हणजे उष्णतेच्या वाटेवरील भिंतच. ती भरून काढण्यासाठी थर्मल पेस्ट नावाचा लेप लावतात. काही वर्षांनी हा लेप सुकतो, त्याला भेगा पडतात, आणि भिंत पुन्हा उभी राहते.

दुसरी दुखरी कडी म्हणजे धूळ. आळंदी रस्त्यासारख्या वर्दळीच्या रस्त्यालगत खिडक्या उघड्या असतील, तर काही महिन्यांतच पात्यांच्या फटींत धूळ व केस यांची गादी तयार होते. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा पलीकडे जात नाही.

डिसेंबरात चालतो, मेमध्ये का नाही?

ओहमचा नियम आठवा. विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. उष्णतेचेही तसेच आहे. तापमानातील फरक म्हणजे उष्णतेचे वॅट गुणिले औष्णिक रोध. समजा, आपल्या साखळीचा रोध दर वॅटला ०.५ अंश आहे. ८४ वॅटला प्रोसेसर कॅबिनेटमधील हवेपेक्षा ४२ अंशांनी अधिक तापेल. आता धूळ आणि सुकलेली पेस्ट यांमुळे रोध ०.७ झाला असे धरा. मग फरक जवळजवळ ५९ अंशांचा होईल.

डिसेंबरात कॅबिनेटमधील हवा २६ अंश सेल्सिअस असेल, तर प्रोसेसर ८५ अंशांवर राहील. खेळ चालू राहील आणि कोणाला काही कळणार नाही. मेमध्ये हीच हवा ४२ अंशांवर जाईल. आता बेरीज करा : १०१ अंश! अशा बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे बिघाड मे महिन्यात झालाच नव्हता. तो हिवाळ्यातही होता; उन्हाळ्याने तो उघडा पाडला.

मर्यादा आली की प्रोसेसर प्रथम आपली गती कमी करतो. खेळ अडखळू लागतो. एवढ्यानेही भागले नाही आणि तापमान चढतच गेले, तर यंत्रणा वीज तोडते. हे बंद पडणे म्हणजे रोग नव्हे, ते रोगापासून केलेले संरक्षण आहे. म्हणून ही सोय सेटिंगमधून बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

दुसरा संशयित

पण थांबा. सर्व दोष उष्णतेच्या माथी मारू नका. भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यात रूपांतर करणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ व्होल्ट या मर्यादेत राहावा लागतो. पुरवठा ठीक असेपर्यंत ही पेटी मदरबोर्डला “सर्व ठीक” असा संकेत देत राहते. दाब घसरला की संकेत जातो आणि संगणक त्याच क्षणी नव्याने सुरू होतो.

या पेटीत वीज साठवणारी धारित्रे असतात. खोलीतील वीज क्षणभर खचली, तर त्यांच्या साठ्यावर पेटीने सुमारे १६ सहस्रांश सेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे असते, यावरून हा काळ किती अल्प ते समजेल. धारित्रे म्हातारी झाली की तोही कमी होतो. मग दिव्याची नुसती लुकलुक झाली तरी संगणक पुन्हा सुरू होतो.

धारित्रे म्हातारी होतात तीही उष्णतेनेच. तापमान दर १० अंशांनी कमी केले, तर त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २ हजार तास टिकणारे धारित्र ८५ अंशांना ८ हजार तास, तर ६५ अंशांना ३२ हजार तास टिकेल. आजचा ताप उद्याच्या बिघाडाचे बी पेरतो, तो असा.

शोध कसा घ्यावा?

प्रथम सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. मग एक वही करा. तीत वेळ, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, ग्राफिक्स कार्डाचे तापमान, आणि त्या वेळी काय चालू होते, असे रकाने आखा. तापमान दाखवणारे छोटे प्रोग्रॅम मोफत मिळतात. एका वेळी एकच गोष्ट बदला; दोन बदलल्यात, तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

१. तापमान पायरीपायरीने चढले, पंखा गरजू लागला, खेळ अडखळला, मग संगणक बंद पडला आणि लगेच सुरू होईना. अशा वेळी पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

२. तापमान ६०–६५ अंशच आहे, पण खेळ सुरू होताच, कसलीही पूर्वसूचना न देता, संगणक पुन्हा सुरू झाला. येथे संशय एसएमपीएसवर. ग्राफिक्स कार्ड एकदम जास्त धारा मागते आणि थकलेली पेटी ती देऊ शकत नाही.

३. नुसते लिहीत बसलेले असतानाही केव्हाही बंद पडतो. प्रथम सैल प्लग, जुना एक्स्टेंशन बोर्ड आणि दमलेला यूपीएस तपासा. मग मेमरीच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहा. विंडोजमध्ये मेमरी तपासण्याची सोय असते. बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सेटिंग बंद केली, तर निळ्या पडद्यावरील संदेश वाचता येतो. ही सेटिंग निराळी, तापाची संरक्षक सोय निराळी. दोहोंची गल्लत नको.

निर्णायक वाटणारा एक प्रयोग : कॅबिनेटची बाजू उघडा, आतल्या भागांना हात न लावता समोर टेबलपंखा लावा आणि तोच खेळ तेवढाच वेळ चालवा. बंद पडणे थांबले, तर उष्णतेचा पुरावा मिळाला. मात्र पंख्याची हवा एसएमपीएसलाही लागते, हे विसरू नका. म्हणून वहीतील तापमानाशी ताळा जुळला, तरच निष्कर्ष काढा.

दुरुस्ती आणि खबरदारी

साफसफाई वडीलधाऱ्यांच्या किंवा शिक्षकांच्या देखत करावी. प्लग काढा, मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा. अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. मऊ ब्रश व ब्लोअर यांनी पाती मोकळी करा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. पेस्ट बदलायची असेल, तर जुनी पूर्ण पुसून वाटाण्याएवढाच नवा थेंब लावा. जाड थर उष्णतेला अडवतो, कारण पेस्टही तांब्याइतकी चांगली वाहक नाही. बुधवार पेठेतील तापकीर गल्लीसारख्या बाजारात किंवा संगणकाच्या कोणत्याही दुकानात ती मिळते.

एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. तिच्यातील धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. जळका वास, फुगलेली धारित्रे किंवा ठिणगी दिसली, तर वापर तत्काळ थांबवा आणि ती पेटी जाणकाराकडून बदलून घ्या. दोष एका पेटीचा असेल, तर सगळा संगणक टाकण्याचे कारण नाही. आणि मदरबोर्डच निकामी निघाला, तरी हार्ड डिस्क काढून ठेवा व बाकीचे सामान ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

करून पाहा

स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. प्रत्येकात सारखेच गरम पाणी मोजून भरा आणि वर पुठ्ठ्याचे झाकण ठेवा. एक पेला तसाच ठेवा, दुसरा पंख्यासमोर ठेवा आणि तिसऱ्याभोवती कापूस गुंडाळून तोही पंख्यासमोर ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमापकाने तापमान घ्या आणि तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. कापूस म्हणजे आपल्या संगणकातील धुळीची गादी, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आता दोन प्रश्न. पेल्यांवर झाकण ठेवायचे कशासाठी? आणि तिन्ही आलेख सुरुवातीला तीव्र उताराचे असून पुढे सपाट का होत जातात? उत्तरे वर्गात चर्चा करून शोधा. संगणक डिसेंबरात का चालतो आणि मेमध्ये का रुसतो, याचे कारण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.